पाणी ओतण्यात एवढं शिकण्यासारखं काय आहे?

दुपारी मुलाला बालवाडीतून आणताना पालक सहज विचारतात, "आज काय शिकवलं?" उत्तर येतं, "पाणी ओतलं." काल? "चिमटे लावले." परवा? "मुंग्या बघितल्या." इकडे हातातल्या सूचनापत्रात मात्र भारदस्त शब्दांची रांग असते : हँड्स-ऑन लर्निंग, सेन्सरी प्ले, फाइन मोटर स्किल्स, आउटिंग. त्या शब्दांचा आणि या पाण्याचा मेळ काही बसत नाही. मग कुणाला वाटतं, फी घेऊन मुलांना नुसतं खेळवत ठेवायची ही युक्ती आहे. तर कुणी धसका घेऊन रातोरात रंगीत वाळू, मणी आणि लाकडी खेळणी मागवून मोकळं होतं. दोघांची गल्लत एकाच ठिकाणी होते. करून शिकताना मुलाच्या बाजूने नेमकं काय घडतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

## शब्दांचा गुंता आधी सोडवू

हँड्स-ऑन लर्निंग म्हणजे करून शिकणं. सेन्सरी प्ले म्हणजे स्पर्श, आवाज, वास, वजन यांचा अनुभव देणारा खेळ. चिखलात हात घालणं हा त्यातला सर्वात जुना प्रकार. फाइन मोटर म्हणजे बोटांची बारीक कामं : बटण लावणं, कागद फाडणं, मणी ओवणं. ग्रॉस मोटर म्हणजे धावणं, चढणं, ढकलणं अशा सगळ्या अंगाच्या हालचाली. आउटिंग म्हणजे सहल. झालं. यापुढे मराठीतच बोलू.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं. हाताला काम मिळालं की ते आपोआप करून शिकणं होत नाही. छापील बदकाच्या पोटात बाईंनी दाखवलेल्या जागीच पिवळे कागद चिकटवायचे, आणि तीस मुलांची तीस बदकं सारखीच दिसायची, यात हात चालतात. पण मुलाने स्वतः काही ठरवलेलं नसतं आणि पुढे काय होणार हेही आधीच ठरलेलं असतं. मी तरी त्याला हस्तकलेतली कारकुनी म्हणेन. मुलाने एखादी गोष्ट बदलली, त्यामुळे काहीतरी घडलं, आणि ते बघून त्याने पुढची कृती ठरवली, तर ते करून शिकणं. पाणी ओतताना हे मिनिटाला दहादा होतं.

## मागच्या सीटवरचा माणूस

नव्या गावात कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून तुम्ही चार दिवस फिरता. पाचव्या दिवशी एकट्याने जायची वेळ आली की पहिल्याच चौकात अडखळता. चार दिवस तेच रस्ते दिसले होते, डोळे उघडेच होते. पण वळायचं कुठे हे ठरवायची जबाबदारी तुमच्यावर नव्हती.

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन या मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट मांजरीच्या पिल्लांवर तपासली. दोन पिल्लांना एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना बांधलं. एक पिल्लू आपल्या पायांनी चालायचं. दुसरं छोट्या टोपलीत बसलेलं असायचं आणि पहिल्याच्या चालण्याने फिरवलं जायचं. एरवी दोघांना अंधारात ठेवलेलं, त्यामुळे जे काही दिसायचं ते दोघांना जवळपास सारखंच. नंतर चाचणी घेतली, तेव्हा चालणारं पिल्लू कडेवर आलं की थांबायचं, जमीन जवळ आली की पंजे पुढे करायचं. टोपलीतल्या पिल्लाला हे जमत नव्हतं. नुसतं दिसणं पुरलं नव्हतं. आपण हललो म्हणून दृश्य बदललं, हा दुवा त्याला मिळालाच नव्हता.

मुलं म्हणजे मांजरं नव्हेत, आणि कुणी आपल्या मुलाला अंधारात बांधून ठेवत नाही. शिवाय टोपलीतल्या त्या पिल्लांना मोकळं सोडल्यावर तीही लवकरच सावरली. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण बाबागाडीतून बाग 'दाखवून' आणणं आणि मुलाने त्या बागेतून चालणं यांत फरक का पडतो, ते या टोपलीवरून चटकन कळतं.

## आता त्या पाण्याकडे वळू

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा एक प्रयोग तुम्ही घरी पाच मिनिटांत करू शकता. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. चार वर्षांच्या मुलाला विचारा. दोन्हीकडे सारखंच आहे, असं ते म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि पुन्हा विचारा. बहुतेक मुलं ठामपणे सांगतात, उंच पेल्यात जास्त आहे. तुम्ही लाख समजवा, मूल मान डोलावेल आणि पुढच्या वेळी तेच उत्तर देईल. कारण या वयात डोळ्यांना जे ठळक दिसतं, म्हणजे उंची, तेच मनावर राज्य करतं. आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज सहसा सहा-सात वर्षांच्या आसपास पक्की होते.

मग आज ओतून उपयोग काय? आज ओतलं म्हणून उद्या उत्तर बदलेल, असा दावा मी करणार नाही. पण पुढे जी समज येणार आहे तिला कच्चा माल लागतो. उंच पेल्यातलं पाणी परत पसरट भांड्यात ओतल्यावर खाली बसलं, तेच पाणी छोट्या कपात मावलं नाही आणि सांडलं, पाण्याचा जग अर्धा रिकामा झाल्यावर हलका लागला, अशा शेकडो बारीक नोंदी.

त्याच वेळी मनगटाचीही तालीम चालू असते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. एकेक करत ती टणक होत जातात आणि शेवटचं तयार व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचं मनगट अजून बांधकामाखाली आहे. जग किती तिरका करायचा, धार जाड झाली तर हात कसा आवरायचा, नेमकं कधी थांबायचं, हे सगळं पुढे पेन्सिल धरणाऱ्या त्याच हाताला करावं लागतं.

आकड्यांचंही असंच. कितीतरी तीन वर्षांची मुलं एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवतात. पाहुण्यांसमोर त्याचं कौतुकही होतं. त्याच मुलाला म्हणा, "मला तीन चमचे दे." बऱ्याचदा मूठभर चमचे हातात येतात. करेन विन या संशोधिकेने १९९० च्या सुमारास अशाच 'इतके दे' चाचण्यांतून दाखवलं की मुलं आधी फक्त 'एक' समजतात, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. आकड्यांची माळ पाठ असणं आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती हे कळणं, यांत बरंच अंतर असतं. ते अंतर तोडायला ताटामागे एक चमचा ठेवणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, जिन्याच्या पायऱ्या चढताना मोजणं अशी कामं वीस वेळा आकडे घोकण्यापेक्षा जास्त कामी येतात, कारण तिथे एका आकड्याला एक वस्तू चिकटलेली असते. एक चमचा कमी पडला तर कुणाच्या तरी ताटासमोर जागा रिकामी दिसते. चूक सांगायला कुणी लागत नाही.

## हे नवं खूळ आहे का?

मुळीच नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गमध्ये १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. चेंडू, लाकडी गोळा, घन, ठोकळे हीच त्यांची पाठ्यपुस्तकं. मारिया माँटेसरी पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यातला दट्ट्यांचा, म्हणजे लाकडी गोल खुंट्यांचा, ठोकळा मला फार आवडतो : दहा खाचा, दहा मापांचे दहा दट्ट्ये. एखादा चुकीच्या खाचेत बसवला की शेवटी एक दट्ट्या असा उरतो जो कुठेच बसत नाही. मग मूल आपणच सगळे काढून पुन्हा लावायला बसतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या परिसरात तर गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. दगड, बिया, पानं हेच तिथलं साहित्य. महागडी खेळणी नसली तर मूल मागे पडेल, असं वाटणाऱ्यांनी ही कुरणशाळा आठवावी.

## मग मोठ्यांनी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?

पालकांना आणि शिक्षकांनाही सर्वात जड जाणारा भाग हा आहे.

२०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर एक विचित्र खेळणं ठेवलं. त्यात चार गमती होत्या : एक नळी ओढली की चीं आवाज, एका ठिकाणी दिवा, एका ठिकाणी सूर, एका नळीत लपवलेला आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने नीट शिकवलं, "हे बघ, हे असं चालतं," आणि चीं आवाज काढून दाखवला. इतर मुलांसमोर तोच आवाज चुकून झाल्यासारखा केला, किंवा काही न दाखवताच खेळणं हातात दिलं. ज्यांना व्यवस्थित शिकवलं ती मुलं चीं चीं करत बसली आणि बाकीच्या गमती त्यांनी कमी शोधल्या. त्यांच्या बाजूने विचार केला तर ते शहाणपणाचंच आहे : आणखी काही असतं तर ताईंनी दाखवलं नसतं का?

म्हणून मूल एखाद्या वस्तूत गुंतलेलं असताना पहिली दहा मिनिटं तोंडाला कुलूप. झाकण उलटं लावलं तरी लावू द्या.

याचा अर्थ पूर्ण गप्प बसायचं, असाही नाही. १९९४ साली मिंडा टेसलर आणि कॅथरीन नेल्सन यांनी साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं आणि त्यांच्या आया यांच्या संग्रहालय-भेटींचा अभ्यास केला. काही दिवसांनी मुलांना काय आठवतंय ते विचारलं. आई आणि मूल दोघं मिळून ज्या वस्तूंबद्दल बोलले होते, त्याच मुलांना आठवल्या. एकट्या आईने सांगितलेलं उरलं नव्हतं आणि एकट्या मुलाने बोट दाखवलेलंही. दोन बाजूंनी झालेलं बोलणं तेवढं टिकलं.

हे दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की मोठ्यांचं काम बऱ्यापैकी स्पष्ट होतं. हाताचं काम मुलाचं, गप्पा दोघांच्या. आणि गप्पा म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे. "हा कोणता रंग?" याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, हे मुलांना बरोबर कळतं. "आता हा दगड टाकला तर काय होईल?", "मघाशी बुडाला नाही, आता का बुडाला?" असे प्रश्न तुम्हालाही थोडे अडवतात, म्हणून ते खरे वाटतात. उत्तर चुकीचं आलं तर दुरुस्त करायची घाई नको. "टाकून बघ" एवढं पुरतं.

## सहल : लांब कशाला जायचं?

सहल म्हटलं की बस, टोप्या, डबे आणि प्राणिसंग्रहालय. त्यात वाईट काही नाही. पण दिवसभराच्या अशा सहलीहून आलेल्या चार वर्षांच्या मुलाला काय आवडलं ते विचारून बघा. हत्ती दूर होता, त्याच्यासमोर गर्दी होती. आठवतो तो फाटकाजवळचा गळका नळ आणि त्याखाली नाचणारी चिमणी. यात पालकांनी हिरमुसायचं कारण नाही. नळापाशी थांबता आलं, पाण्यात बोट घालता आलं, चिमणी उडाली तर ती आपल्यामुळे उडाली. हत्तीच्या बाबतीत आपण मागच्या सीटवर होतो.

या वयाला मानवणारी सहल लहान असते. चालत जाता येईल एवढं अंतर, तासाभराचा वेळ, आणि मुलाच्या पावलांचा वेग. तो वेग फार कमी असतो, हे आधीच मान्य करून निघावं. पन्नास पावलांत तीनदा थांबणं होणारच, कारण बघण्यासारखं तिथेच असतं. बांधकामाची जागा (अर्थात कुंपणाबाहेरून), रेल्वेस्थानक, टपाल कार्यालय, रोपवाटिका, सुताराचं काम, तळ्याचा काठ, पावसानंतरचं डबकं. मला विचाराल तर सुताराकडे जाण्यासारखी सहल नाही : भुशाचा वास येतो, रंधा फिरला की साल वळून पडते, आणि ती साल खिशात घालून घरी नेता येते.

मुलाला जाताना एकच काम द्यावं. "आज गोल वस्तू शोधू" किंवा "आज फक्त आवाज ऐकू." आणि परत त्याच जागी जावं. मोठ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण एकच झाड दर महिन्याला बघणाऱ्या मुलाला बदल दिसायला लागतो. पालवी, फुलं, गळलेली पानं, सालीवरचा मुंगळा. पहिल्या भेटीत सगळंच नवं असतं, त्यामुळे वेगळं काय ते कळत नाही. घरी आल्यावर चित्र काढून घ्यायची सक्ती नको. खिशातली साल आणि दोन खडे एका थाळीत मांडून ठेवले तर रात्री गप्पा आपोआप सुरू होतात.

उघड्यावर फिरण्याचा आणखी एक फायदा आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं. एरवीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लांबचं कमी दिसू लागलं. बाहेर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के राहिलं. ही मुलं बालवाडीपेक्षा थोडी मोठी होती, पण बाहेर पडायची सवय काही पहिलीत अचानक लागत नाही.

## पण मग अक्षरं कधी शिकायची?

हा आक्षेप रास्त आहे, आणि करून शिकण्याचे कट्टर समर्थक त्याला नीट उत्तर देत नाहीत. पाण्याबद्दलचं सगळं पाणी सांगू शकतं. चाक उतारावरून का घरंगळतं ते उतार सांगतो. पण 'क'ला 'क' म्हणतात, हे अक्षर कितीही चाचपलं तरी कळणार नाही. तो माणसांनी आपसात केलेला ठराव आहे आणि तो कुणीतरी सांगावाच लागतो. गोष्टी वाचून दाखवणं, गाणी म्हणणं, नावं सांगणं याला पर्याय नाही. पाणी आणि पुस्तक यांत भांडण लावायची गरजच नाही.

मात्र क्रम महत्त्वाचा. ज्या हाताला अजून चिमटा दाबताना कष्ट पडतात त्याला चार रेघी वहीत पानभर 'ग' काढायला लावलं, तर अक्षर येवो न येवो, वहीचा राग नक्की येतो. माँटेसरींनी म्हणूनच खरखरीत कागदाची अक्षरं बनवली. मूल त्यावरून बोट फिरवतं, त्याच वेळी उच्चार ऐकतं, आणि पेन्सिलीची वेळ नंतर येते. ओल्या मातीच्या वळ्या करून अक्षर घडवणं हाही चांगला मार्ग.

## हेच सगळं अ‍ॅपवर मिळतं की!

पडद्यावर ठोकळे रचले तर ते कधी जड लागत नाहीत. मनोरा पडला तर आवाज होतो, पण तोल कुठे गेला हे बोटांना कळत नाही.

शिवाय माणसाचा प्रश्न आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन भाषा ऐकवली. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या बाईंकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकून घेतले. तोच मजकूर व्हिडिओवर ऐकणाऱ्या बाळांच्या पदरी काही पडलं नाही. तीन-चार वर्षांची मुलं व्हिडिओतून थोडंफार शिकतात, हेही खरं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा व्यवहार्य वाटते : तीन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघणं दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तर उत्तमच, आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. तीन तास ऐकायला भरपूर वाटतात. मोकळं सोडलेलं मूल ते दुपारपर्यंत संपवतं.

## आणि काही लागलं, गिळलं तर?

इथे मात्र सैल राहून चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू धोक्याची. खेळण्यांच्या चाचणीतलं मापही एवढंच असतं. तीनच्या पुढची जी मुलं अजून सगळं तोंडात घालतात त्यांनाही हाच नियम. बटणासारखी चपटी बॅटरी आणि छोटी शक्तिशाली लोहचुंबकं मुलांच्या हाती येताच कामा नयेत. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचं. पाण्याचा खेळ असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, कारण काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा. सहलीत कोणाच्या वाट्याला कोणती मुलं, हे निघण्याआधी नावानिशी ठरवावं. 'सगळ्यांवर सगळ्यांचं लक्ष' याचा अर्थ कुणाचंच नाही.

पण गुडघा खरचटणं या यादीत बसत नाही. बुटक्या भिंतीवर चढणाऱ्या मुलाला "पडशील!" असं ओरडून त्याला काही माहिती मिळत नाही, उलट ते दचकतं. "पुढचा पाय कुठे ठेवणार?" असं विचारलं की ते पायाकडे बघतं.

## घरभर पसारा कोण आवरणार?

तुम्हीच, बऱ्याच अंशी. यावर गोड उत्तर माझ्याकडे नाही. पसारा कमी करता येतो : मोठा जग न देता कपभर पाणीच द्यायचं, खाली परात ठेवायची, एका वेळी एकच खेळ काढायचा, बाकीचे फडताळात. रोज नवीन काही शोधून काढायचीही गरज नाही. तोच जग आणि तेच दोन पेले मुलाला आठवडाभर पुरतात, कंटाळा आधी आपल्याला येतो.

आणि सांडलं की फडकं मुलाच्या हातात द्यायचं. ओलं फडकं पिळणं हे मनगटासाठी ओतण्याइतकंच चांगलं काम आहे, आणि मुलांना ते खेळाहून जास्त आवडतं. ते मन लावून पुसतं, निम्मं पाणी पसरवतं आणि "झालं!" म्हणून निघून जातं. उरलेलं तुम्ही ते झोपल्यावर पुसा.